प्रसंग कोणाचा? : रोजच्या जगण्यातले इंग्रजी आणि पिंपरी-चाकणचा कामगार

इंग्रजी संभाषण शिकवणारे कोणतेही मराठी पुस्तक उघडा, अनुक्रमणिका साधारण एकच असते. उपाहारगृहात, टपाल कचेरीत, रेल्वे स्थानकावर, डॉक्टरांकडे, कापडाच्या दुकानात, मित्राच्या वाढदिवसाला. प्रत्येक प्रसंगाला दहा-बारा वाक्यांचा संवाद, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. प्रस्तावनेत सांगितलेले असते की व्याकरणाची घोकंपट्टी सोडा, रोजच्या जीवनातल्या प्रसंगांतून इंग्रजी आपोआप तोंडी बसेल. ही भूमिका ऐकायला इतकी रास्त वाटते की तिच्याविषयी शंका घ्यावी असे कोणाच्या मनात येत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या समाजाच्या पिढ्या पोसल्या, त्याला तर ती सुटकाच वाटली.

पण पिंपरीत राहणाऱ्या माणसाने ही अनुक्रमणिका हातात धरून एक दिवस गावातून फिरून पाहावे. पिंपरी कॅम्पात कापड घेताना सिंधी दुकानदाराशी तो मराठीत नाही तर हिंदीत घासाघीस करतो. चिंचवड स्टेशनावर लोकलचे तिकीट मराठीत मिळते. डॉक्टरांना दुखणे मराठीत सांगितले जाते, हॉटेलातल्या पोऱ्याला ऑर्डर हिंदीत दिली जाते. वाढदिवसाच्या केकवर इंग्रजी अक्षरे असतात खरी, पण केक कापून झाला की इंग्रजीही संपते. म्हणजे रोजचे म्हणून जे प्रसंग शिकवले जातात त्यांतला जवळजवळ एकही इथे इंग्रजीत घडत नाही. आणि इंग्रजी जिथे रोज खरोखर भेटते, ते प्रसंग अनुक्रमणिकेत नाहीत. या तफावतीची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रसंगांतून शिकवण्याच्या पद्धतीला माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की प्रसंग कोणाचा.

हा 'प्रसंग' भाषाशिक्षणात आला कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. १९२३ साली ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या 'द मीनिंग ऑफ मीनिंग' या ग्रंथाला मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी एक पुरवणी जोडली. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवर त्यांनी काही वर्षे काढली होती. तिथल्या कोळ्यांचे बोलणे शब्दाला शब्द लावून कळेना, तेव्हा त्यांनी म्हटले की वाक्याचा अर्थ शब्दकोशात नसतो, तो ज्या परिस्थितीत बोलले जाते तिच्यात असतो. त्यासाठी त्यांनी निवडलेला दाखला महत्त्वाचा आहे. होड्या घेऊन निघालेली माणसे मासळीच्या थव्याला वेढा घालत आहेत, एकमेकांना इशारे देत आहेत, जाळे ओढत आहेत. एक शब्द चुकला तर मासळी हातची जाते. थोडक्यात, 'प्रसंग' या कल्पनेचा जन्म श्रमाच्या जागी झाला. दिवाणखान्यात नव्हे.

पुढे ही कल्पना फर्थ यांच्यामार्फत ब्रिटिश भाषाविज्ञानात रुजली. भाषाशिक्षणातली 'प्रसंगाधारित पद्धती' मात्र थेट तिथून आली असे म्हणता येणार नाही. तिचे खरे कर्ते हॅरोल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी, आणि दोघांनीही जपानमध्ये बरीच वर्षे काम केले. आपण हॉर्नबींना शब्दकोशामुळे ओळखतो. त्यांनी १९५० मध्ये 'इंग्लिश लँग्वेज टीचिंग' या नियतकालिकात प्रसंगाधारित अध्यापनावर लेखमाला लिहिली. शिक्षक वर्गात दाराकडे चालत जातो, दार उघडतो आणि उघडताना 'आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर' म्हणतो. कृती डोळ्यांसमोर, वाक्य कानात. पद्धत सोपी आहे आणि शहाणपणाचीही. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर बी.एड.च्या वर्गांतून पिढ्यांनी हीच पद्धत शिकून घेतली. फक्त एक गोष्ट झाली : प्रसंग वर्गाच्या चार भिंतींत मावेल एवढाच उरला. दार, खिडकी, फळा, छत्री.

तिसरा टप्पा युरोपातला. १९७५ मध्ये कौन्सिल ऑफ युरोपसाठी यान फान एक यांनी 'थ्रेशोल्ड लेव्हल' नावाचा आराखडा तयार केला. दुसऱ्या देशात काही काळ जाणाऱ्या किंवा परदेशी पाहुण्यांशी बोलावे लागणाऱ्या प्रौढाला कमीत कमी किती भाषा लागते, याची ती मोजणी होती. हॉटेलात खोली मागणे, रस्ता विचारणे, आजार सांगणे, आभार मानणे. त्या माणसासाठी हे प्रसंग खरेच होते. फ्रान्सचा मनुष्य लंडनला उतरला की त्याला खोली इंग्रजीतच मागावी लागते. आपल्या पुस्तकांतली आजची अनुक्रमणिका या प्रवाशाची आहे. पिंपरीचा कामगार मात्र प्रवासी नाही. तो इंग्रजीच्या देशात जात नाही. इंग्रजी त्याच्याकडे येते, आणि येते ती बहुधा कागदावरून.

महाराष्ट्रात या चर्चेला पिंपरी-चिंचवडचा एक खास धागा आहे. २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तोवर ते पाचवीपासून होते, आणि त्याआधी, जुन्या मुंबई राज्यात, आठवीपासून. हा निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच परिसरातले. चिंचवडचे नाट्यगृह त्यांच्या नावाने आहे. निर्णयाला विरोध पुष्कळ झाला, मराठीचे काय होणार हा मुख्य मुद्दा होता, आणि त्या वादाची मांडणी इथे पुन्हा करण्यात अर्थ नाही. मोरे यांची बाजू समजण्यासारखी होती. श्रीमंताचे मूल इंग्रजी शाळेत जाते, मग शेतकऱ्या-कामगाराच्या मुलाने पाचवीपर्यंत का थांबावे? या युक्तिवादामागे जुनी परंपरा आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला, तो शिष्टाचार यावेत म्हणून केला नव्हता. ज्या भाषेत सत्ता चालते ती कळली तर गुलामी तुटेल, हा त्यामागचा विचार होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

२००० साली पहिलीत बसलेले मूल आज तिशी ओलांडून गेले आहे. त्यातली बरीच मुले चाकणच्या, तळेगावच्या, भोसरीच्या कारखान्यांत उभी आहेत. लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याहून आलेली, दहा वर्षे इंग्रजी शिकलेली. निर्णय बरोबर होता की चूक, याचा निकाल लावायचा तर तो परीक्षेच्या टक्केवारीवर न लावता या मुलांच्या हातात पडणाऱ्या कागदावर लावायला हवा.

शाळेनंतरचा टप्पा आयटीआयचा. मोरवाडीला महापालिकेचीच औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, औंधला सरकारी. २०१० नंतरच्या दशकात देशभरच्या आयटीआयमध्ये 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' हा विषय आला आणि त्यात 'इंग्रजी साक्षरता' नावाचा २० तासांचा भाग होता. पुढे आराखडा बदलत गेला, तरी हा पहिला अभ्यासक्रम तपासण्यासारखा आहे, कारण त्याने रोजच्या जीवनातल्या प्रसंगांचीच भाषा केली. त्यात होते काय? सोप्या शब्दांचे उच्चार. व्याकरणात वाक्यरूपांतर, प्रयोग बदलणे, काळ बदलणे. बोलण्यात स्वतःविषयी, कुटुंबाविषयी, मित्रांविषयी चार वाक्ये, चित्र पाहून वर्णन. मग निरोप घेणे आणि निरोपाचा फॉर्म भरणे, अभिवादन, ओळख करून देणे, कार्यालयात आलेल्या पाहुण्याचे आदरातिथ्य, आणि शेवटी बायोडेटा व अर्जाचे पत्र.

फिटर, टर्नर, वेल्डर आणि वायरमन यांच्यासाठीचा हा अभ्यासक्रम आहे. वेल्डरने कार्यालयातल्या पाहुण्याचे इंग्रजीत आदरातिथ्य केव्हा करायचे? यादी वाईट हेतूने केलेली नाही, तसे मी म्हणत नाही. ती टेबलामागे बसणाऱ्या माणसाची यादी आहे, इतकेच. निरोपाचा फॉर्म, फोन, पाहुणा, चहा हे सगळे कारकुनाचे विश्व आहे. इंग्रजी म्हटले की नजरेसमोर कचेरी येते, हा आपला दीडशे वर्षांचा संस्कार, आणि तो आयटीआयच्या कार्यशाळेत शिरतानाही पायातली चप्पल काढत नाही. 'स्वतःविषयी, कामाविषयी आणि परिसराविषयी साधी वाक्ये वाचून समजणे' असेही एक कलम त्यात आहे. नेमके तेच कलम एका ओळीत उरकले आहे. कामाविषयीची वाक्ये कोणती, ती कुठे छापलेली असतात, हे कोणी जाऊन पाहिले असते तर वीस तासांतले पंधरा तिथेच गेले असते.

मग ती आहेत कोठे? पिंपरीचा औद्योगिक इतिहास १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या स्थापनेपासून धरतात. एमआयडीसी १९६२ ची. त्यानंतर टेल्को, आकुर्डीला बजाज, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरी-कुदळवाडी-तळवड्याची हजारो वर्कशॉपे. चाकणला पुढे जर्मन, जपानी, कोरियन कंपन्या आल्या. एवढ्या सत्तर वर्षांत इथल्या कामगाराच्या बोलीत इंग्रजी शब्दांचा जो साठा जमला, त्याची दखल शाळेने कधी घेतलेली नाही. एखादा सीएनसी ऑपरेटर सुपरवायझरला सांगतो : 'सर, तीन नंबरच्या मशीनचा टूल चेंज केला, ऑफसेट दिला, फर्स्ट पीस इन्स्पेक्शनला पाठवला. ओके आला की लॉट चालू करतो.' या दोन वाक्यांत अकरा इंग्रजी शब्द आहेत. उच्चार त्याचे स्वतःचे असतात. फिक्श्चरचे फिक्चर होते, हॅक्सॉचे एक्सा ब्लेड होते. अर्थ मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका काटेकोर असतो. 'ऑफसेट' म्हणजे काय, हे इंग्रजीच्या प्राध्यापकापेक्षा त्याला नीट कळते. तरी त्याला विचारा, इंग्रजी येते का? तो हसून 'नाही' म्हणेल. आपल्या सगळ्यांच्या मते ते उत्तर बरोबर असते, आणि तिथेच आपली चूक आहे.

त्या वाक्यांकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट दिसते. नामे इंग्रजी आहेत, पण वाक्य चालवणारे सगळे सांधे मराठी आहेत. 'चेंज केला', 'पाठवला', 'आला की', 'करतो'. म्हणजे या माणसाजवळ शब्दसंग्रह आहे. त्याच्याजवळ नाहीत ती क्रियापदांची रूपे, नकार, अटी, शब्दयोगी अव्यये, लहान लहान जोडणारे शब्द. शालेय पुस्तक मात्र सुरू होते ते नामांपासून : अ‍ॅपल, बॉल, कॅट. संभाषणवर्गही पुन्हा नामांच्या याद्या देतात, भाज्यांची नावे, नात्यांची नावे. ज्याच्या गोदामात माल भरला आहे त्याला आणखी माल विकायचा आणि गोदामाला दार बसवायचे नाही, असा हा व्यवहार.

दार न बसवल्याने काय होते ते ड्रॉइंगवर दिसते. यंत्रभागाच्या जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात काही ठरलेल्या सूचना असतात. 'अनलेस अदरवाइज स्पेसिफाइड, ऑल डायमेन्शन्स आर इन एमएम.' मराठीत एवढेच : वेगळे सांगितले नसेल तर सर्व मापे मिलिमीटरमध्ये. पण 'अनलेस' या शब्दाच्या पोटात नकार लपलेला आहे, तो मराठीत 'नसेल तर' असा उघडपणे येतो. दहा वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा ही ओळ मंत्रासारखी पाहतो आणि पुढे जातो. एका मापाला वेगळी टॉलरन्स दिलेली असली की मग मंत्र कामाला येत नाही. दुसरी सूचना : 'डू नॉट स्केल.' आपल्याकडे शाळेपासून 'स्केल' म्हणजे फूटपट्टी, वस्तू. इथे ते क्रियापद आहे. ड्रॉइंगच्या कागदावर पट्टी ठेवून माप काढू नका, लिहिलेला आकडाच धरा. नाम क्रियापद कसे होते, याचा व्याकरणाच्या पुस्तकात पानभर पाठ असतो. इथे तो तीन शब्दांत आहे, आणि तो न कळण्याची किंमत एक पूर्ण लॉट रिजेक्ट होण्याइतकी असू शकते.

ड्रॉइंग हे एक झाले. मशीनच्या पॅनेलवरचे 'फीड होल्ड', 'सायकल स्टार्ट' आणि अलार्मची वाक्ये, देखभालीच्या वेळी स्विचला लावलेली 'डू नॉट ऑपरेट'ची पाटी, उंचावर किंवा टाकीत उतरून काम करण्याआधी सही करायचे परमिट, कंट्रोल प्लॅन, पगाराची स्लिप, भविष्यनिर्वाह निधीचा दावा फेटाळल्याचे दोन ओळींचे कारण, ईएसआयच्या दवाखान्यातला कागद, प्रशिक्षणार्थी म्हणून घेताना पुढे केलेला करार. हे सारे वाचायचे आणि सही करायचे इंग्रजी आहे. यात 'हाऊ आर यू' कुठेच नाही. आठवड्याच्या सुट्टीचेही तसेच. पुस्तकातला रविवार भोसरीत बहुतेकांना गुरुवारी येतो.

बाईच्या बाजूने पाहिले तर यादी थोडी वेगळी होते. चाकण पट्ट्यात वायरिंग हार्नेसच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर बायका मोठ्या संख्येने आहेत. कामावर त्यांना रंगांची इंग्रजी लघुरूपे आणि वर्क इन्स्ट्रक्शनचा तक्ता लागतो. घरी आल्यावर मोबाइलवर मुलाच्या इंग्रजी शाळेची सूचना आलेली असते, 'काइंडली नोट' ने सुरू होणारी आणि 'फेलिंग विच'ने धमकावणारी. औषधाच्या पट्टीवरचे इंग्रजीही तिलाच वाचायचे असते. माझ्या मते या पट्ट्यातले सर्वांत गंभीर इंग्रजी वाचन स्वयंपाकघरात, रात्री साडेनऊच्या सुमाराला होते, आणि त्यासाठी एकही पुस्तक नाही.

एका उलट उदाहरणाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पिंपरी-चाकणच्या कामगाराला जपानीही येते. 'काइझेन', 'पोका-योके', 'गेम्बा' हे शब्द आठवी नापास हेल्परही वापरतो. 'फाइव्ह एस'मधले सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके पाठ असलेले शेकडो लोक भेटतील. जपानीचा वर्ग कोणी लावला नव्हता. शब्द आले ते कामाबरोबर, सुधारणेआधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांसह भिंतीवर लागले, आणि पोका-योके म्हणजे काय हे उलटा भाग बसूच न देणाऱ्या पिनेवरून कळले. हॉर्नबींनी दार उघडून जे केले, तेच इथे कारखान्याने नकळत केले. मॅलिनोव्स्कींचे कोळी आणि हा हेल्पर यांत फार अंतर नाही. तेव्हा प्रसंगांतून भाषा येते हे तत्त्व खोटे नाही. प्रसंग खरा लागतो.

इथवरचा मुद्दा उपयुक्ततेचा झाला. त्याच्या खाली आणखी एक आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भागांत दोष निघाला, ग्राहक कंपनीकडून तक्रार आली, की 'व्हाय-व्हाय अ‍ॅनॅलिसिस' करतात. पाच वेळा 'का' विचारत मूळ कारणापर्यंत जायचे, ही टोयोटाकडून आलेली रीत. कल्पना उत्तम आहे. पण तक्ता भरला जातो इंग्रजीत, भरतो इंजिनिअर, आणि पाच 'का' संपल्यावर शेवटच्या चौकटीत पुष्कळदा दोन शब्द येतात : 'ऑपरेटर निग्लिजन्स'. उपाय : 'ट्रेनिंग गिव्हन टू ऑपरेटर'. खाली ऑपरेटरची सही. पिन झिजलेली होती, दोन पाळ्यांपूर्वी सांगितले होते, हे तो मराठीत घसा फोडून बोललेला असतो. कागदावर ते उतरत नाही, कारण ते इंग्रजीत मांडणारे कोणी तिथे नसते. कर्मणी प्रयोगाची गंमत अशी की त्यात कर्ता गाळता येतो. 'पिन वॉज नॉट रिप्लेस्ड' यात पिन कोणी बदलली नाही हे लिहावे लागत नाही. 'ऑपरेटर निग्लिजन्स' मध्ये मात्र कर्ता पहिल्याच शब्दात पकडला जातो. आयटीआयच्या अभ्यासक्रमात 'प्रयोग बदला' हे कलम होते. 'राम इट्स अ मँगो'चे 'अ मँगो इज ईटन बाय राम' करण्यापलीकडे ते गेले नाही.

अमेरिकेत स्थलांतरित कामगारांना शिकवणाऱ्यांना हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी पडला होता. एल्सा ऑअरबाख आणि डेनिस बर्जेस यांनी १९८५ मध्ये जगण्यापुरते इंग्रजी शिकवणारी पुस्तके तपासली आणि दाखवून दिले की त्या प्रसंगांत एक छुपा अभ्यासक्रम आहे. विद्यार्थी नेहमी विनंती करणारा, माफी मागणारा, सूचना ऐकणारा. साहेबाला प्रश्न विचारणारा प्रसंग जवळजवळ नसतो. १९८७ मध्ये ऑअरबाख यांनी नीना वॉलरस्टाइन यांच्याबरोबर कामाच्या जागचे प्रश्न घेऊनच एक पाठ्यपुस्तक केले. त्यामागे ब्राझीलच्या पाउलो फ्रेइरे यांची साक्षरतेची पद्धत होती, जी मजुरांच्या तोंडच्या शब्दांपासून, उदाहरणार्थ 'वीट' या शब्दापासून, वाचन सुरू करी आणि वीट कोण भाजतो, घर कोणाचे होते, इथपर्यंत जाई. आपली पुस्तके या कसोटीवर लावून पाहा. 'मे आय कम इन, सर?', 'सॉरी फॉर बीइंग लेट', 'प्लीज ग्रँट मी लीव्ह'. गार्ड तुटलेला आहे, मी मशीन चालवणार नाही, हे इंग्रजीत कसे म्हणायचे? सही करण्यापूर्वी या कागदात काय लिहिले आहे ते सांगा, हे कसे म्हणायचे? हे प्रसंग रोजचे नाहीत का? सावित्रीबाईंना अभिप्रेत असलेले इंग्रजी कोणते, आणि आपण शिकवतो ते कोणते, हा फरक इथे उघडा पडतो.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की कामगाराने इंग्रजी का शिकावे, कंपनीने कागद मराठीत का देऊ नयेत? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १०८ व्या कलमाने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितल्या होत्या. स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्यातही तशीच तरतूद होती. तेव्हा सुरक्षेचा कागद मराठीत आणि हिंदीत मागणे हा हक्क आहे, इंग्रजीचा वर्ग हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. परमिटवरचे इंग्रजी कळले नाही म्हणून अपघात झाला, तर दोष शाळेचा नव्हे. हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र ड्रॉइंग पुण्यात बनत नाही, ग्राहकाचा ऑडिटर मराठी वाचत नाही, आणि तक्रारीचा तक्ता ज्या भाषेत परदेशी जातो त्याच भाषेत कोणाची नोकरी राहते आणि कोणाची जाते ते ठरते. मराठी कागदाची मागणी आणि इंग्रजी कागद वाचण्याची ताकद या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला लागतात. खरे तर भाषांतर बरोबर केले आहे का हे ताडायलाही मूळ वाचता यावे लागते.

दुसरा आक्षेप खुद्द शिकणाऱ्याचा आहे. निगडी-चिंचवडच्या संभाषणवर्गांत पैसे भरून येणाऱ्या मुलांना ड्रॉइंगचे इंग्रजी नकोच असते. त्यांना मुलाखतीत आणि मॉलमध्ये बोलायचे इंग्रजी हवे असते, साठ दिवसांत फाडफाड. या इच्छेला हसणे सोपे आहे. पण इंग्रजी बोलणाऱ्याला समोरचा 'अरे' ऐवजी 'सर' म्हणतो हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला ती मागणी उथळ वाटणार नाही. त्याला मान हवा आहे. वर्गवाले तो मान उपाहारगृहाच्या संवादात गुंडाळून विकतात, आणि हे मला फसवणुकीच्या जवळ जाणारे वाटते. ऑडिटरने लाइनवर थांबून 'हाऊ डू यू नो धिस पार्ट इज ओके?' असे विचारले, तर बाजूला उभ्या इंजिनिअरकडे न पाहता गेज उचलून तीन वाक्यांत उत्तर देता येणे, यात जो मान आहे तो कॉफी मागण्यात नाही.

हे शिकवता येते का? एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पात, १९७९ ते १९८४ या काळात, दक्षिणेतल्या साध्या सरकारी शाळांत संवादांचे नाटक बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, तक्ते यांतून उत्तर शोधायला लावले होते. लक्ष उत्तराकडे, भाषा त्या ओघात. प्रभूंची भूमिका माझ्याहून वेगळी होती. प्रसंग खरा असण्यापेक्षा विचाराला चालना देणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. पण तक्ता वाचून तर्क करणे हेच तर ऑपरेटरचे रोजचे काम आहे, त्यामुळे इथे दोन्ही भूमिका एकत्र नांदू शकतात.

आयटीआयच्या त्या वीस तासांचे काय करता आले असते, ते सांगतो. पहिल्या दोन तासांत मुलांनी स्वतःला येणारे इंग्रजी शब्द फळ्यावर लिहावेत. माझा अनुभव असा की तिसऱ्या मिनिटाला फळा भरतो आणि 'मला इंग्रजी येत नाही' म्हणणारा सर्वांत जास्त शब्द देतो. नंतर चार-पाच तास ड्रॉइंगवरच्या सूचना, एका वेळी एक लहान शब्द घेऊन : अनलेस, अन्टिल, बिफोर, एक्सेप्ट. शिकवायला इंग्रजीच्या शिक्षकाबरोबर कार्यशाळेचे निदेशक हवेत, कारण टॉलरन्स पहिल्याला माहीत नसते आणि 'अनलेस' दुसरा गृहीत धरतो. मग पॅनेलवरचे अलार्म, परमिट, पगाराची स्लिप, निधीचा फेटाळलेला दावा. हे मराठीतून समजावून द्यावे. इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य करण्याचे कारण नाही, 'नसेल तर' वाचूनच 'अनलेस' उलगडते. पाच तास व्हाय-व्हायच्या तक्त्याला. एकच दोष दोन गटांनी लिहायचा, एकाने इंजिनिअर म्हणून, दुसऱ्याने ऑपरेटर म्हणून, आणि कोणत्या वाक्यात कर्ता कुठे गेला ते शोधायचे. 'आय रिपोर्टेड इट ऑन मंडे' हे वाक्य प्रत्येकाला लिहिता, वाचता आणि म्हणता आले की पुढे जायचे. एवढे करून दोन-तीन तास उरतात. त्यांत कार्यालयात आलेल्या पाहुण्याला चहा विचारायला हरकत नाही.